सोळा दिवसांचे काम

(शास्त्रपाठ : २ इतिहास २९:३–१९, ३४–३६, ३०:१–२०)



फाल्गुन सरत आला, उन्हे तापू लागली, रब्बीचे धान्य घरात येऊ लागले, म्हणजे खेडोपाडी घरे झाडण्या-सारवण्याचे दिवस येतात. शेजारी पाडव्यासाठी घर सारवतात. आपण प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणासाठी सारवतो. ही चाल चांगली आहे. परंतु पुष्कळ घरी असे घडते की, तीन आठवडे कोणी केरसुणीस हात लावीत नाही, आणि मग दुःखसहनाच्या सप्ताहाच्या अखेरीस सगळे घर एकदम अंगणात येते. उतरंडी उतरतात, गोधड्यांचे ढीग पडतात, चुना आणावयास माणूस धावतो, मुले मार खातात. घरची बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते आणि उत्तम शुक्रवारच्या उपासनेस येत नाही. आलीच, तर वधस्तंभाचा संदेश चालू असता तिचे डोळे मिटतात. दुसऱ्या काही घरी ह्याच्या उलट होते. पसारा पाहूनच धीर सुटतो, आणि 'यंदा राहू द्या' म्हणून वर्षानुवर्षे तीच जळमटे आढ्याला लोंबत राहतात.

ह्या दोन्ही घरांस उपयोगी पडेल असा एक वृत्तांत पवित्र शास्त्रात आहे. तो एका मोठ्या साफसफाईचा आहे, व तिचे दिवसही मोजून लिहिलेले आहेत.

यहूदाचा राजा आहाज ह्याने परमेश्वराच्या मंदिराची दारे बंद केली होती. आतील दिवे विझले होते, धूप जळत नव्हता, पवित्र पात्रे टाकून दिलेली होती. त्याचा पुत्र हिज्कीया पंचवीस वर्षांचा असता गादीवर आला, आणि आपल्या कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी, पहिल्याच महिन्यात, त्याने ती दारे उघडली व दुरुस्त केली. यहूद्यांचा पहिला महिना म्हणजे निसान. तो आपल्या चैत्राच्या सुमारास येतो, म्हणजे हे कामही वसंत ऋतूतलेच होते. राजाने याजकांना व लेव्यांना बोलावून सांगितले की, प्रथम तुम्ही शुद्ध व्हा, मग मंदिरातील मलिनता बाहेर काढा. त्यांनी महिन्याच्या पहिल्या दिवशी आरंभ केला. आठव्या दिवशी ते देवडीपर्यंत आले. आणखी आठ दिवस त्यांनी काम केले, आणि सोळाव्या दिवशी ते पुरे झाले.

ह्या सोळा दिवसांतून आपण चार गोष्टी शिकू या.

पहिली गोष्ट : आरंभ दार उघडण्याने झाला. राजाने पहिल्या दिवशी सगळे मंदिर लखलखीत केले नाही. त्याने दार उघडले आणि मोडलेले दार नीट केले. प्रिय जनहो, घाणीला बंद दार फार आवडते. पुष्कळ घरांत एखादी खोली, एखादी पेटी, एखादा माळा असा असतो की, बाप वारल्यापासून किंवा भावाभावांची वाटणी झाल्यापासून तो कोणी उघडलेला नाही. तेथे उंदीर राहतात, आणि कधी कधी जुने भांडणही राहते. म्हणून पहिल्या दिवसाचे काम एवढेच समजा की, घराची दारे-खिडक्या सताड उघडाव्या आणि ऊन-वारा आत येऊ द्यावा. ज्याने दार उघडले त्याने आरंभ केला.

दुसरी गोष्ट : रोजचा वाटा ठरलेला होता. आठव्या दिवशी, म्हणजे अर्धे दिवस संपले तेव्हा, ते लोक केवळ देवडीपर्यंत आले होते. कोणी बाहेरून पाहिले असते तर म्हणाला असता, 'आठ दिवस खपून एवढेच?' परंतु ते थांबले नाहीत, किंवा घाबरून रात्रंदिवस राबलेही नाहीत. नवव्या दिवशी नवव्या दिवसाचे काम केले. पुढे शास्त्र सांगते की, सर्व लोकांना आनंद झाला, कारण ही गोष्ट एकाएकी घडून आली. रोजचे थोडे काम करणाऱ्याला ते थोडे दिसते. पाहणाऱ्याला मात्र शेवटी ते एकाएकी झालेले दिसते. देवाने रानात मन्नाही रोजचा रोज दिला, आणि प्रभूने आपल्याला भाकर मागावयास शिकविली तीही आजची. मग घर झाडण्याचे बळ एका दिवसात सोळा दिवसांचे कोठून मिळणार?

तिसरी गोष्ट : काम वाटून घेतले होते. याजक आतील मलिनता काढून अंगणात आणीत. तेथून लेवी ती उचलून बाहेर किद्रोन ओहोळाकडे नेत. एकाच माणसाने आतून ओहोळापर्यंत ओझे वाहिले नाही. आणि हे सर्व पुरुष होते, हे विसरू नका. त्या ठिकाणी चौदा लेव्यांची नावे लिहिली आहेत. त्यांत आसाफ, हेमान व यदूथून ह्यांच्या घराण्यांतील माणसे आहेत, म्हणजे ज्यांचे काम मंदिरात गायन-वादन करण्याचे, तेही पाट्या उचलावयास आले. जे हात वीणा धरीत त्यांनी कचरा धरला, आणि त्यामुळे त्यांच्या गायनाला काही कमीपणा आला नाही.

उपदेशक बंधूंनो, हे आपल्यासाठी आहे. मंडळीत आपण शुद्धतेवर बोलतो. घरी केर कोण काढते? 'झाडलोट हे बायकांचे काम' असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. पुरुषाच्या हाती झाडू शोभत नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने गाडगे महाराजांची (१८७६–१९५६) आठवण करावी. ते ख्रिस्ती नव्हते. तरी ज्या गावी जात तो गाव दिवसा स्वतः झाडीत आणि रात्री कीर्तनात बोलत. लोक त्यांचे ऐकत, कारण त्यांच्या हातचा खराटा सर्वांनी पाहिलेला असे. ज्या घरी सासूबाई, सूनबाई, कारभारी आणि मुले ह्यांनी आपापला वाटा घेतला, त्या घरी सणाच्या दिवशी कोणी पाठ धरून बसत नाही.

चौथी गोष्ट : पात्रे परत जागी ठेवली. आहाजाने टाकून दिलेली पात्रे त्यांनी शोधली, शुद्ध केली आणि वेदीपुढे आणून ठेवली. साफसफाई म्हणजे केवळ टाकणे नव्हे. लूकच्या पंधराव्या अध्यायातील स्त्री दिवा लावून घर झाडते ती हरवलेले नाणे सापडावे म्हणून. तुम्हीही घर झाडताना पाहा की, काय काय सापडते. पेटीच्या तळाशी बाप्तिस्म्याचा दाखला सापडेल, आजोबांचे पवित्र शास्त्र सापडेल. त्यावरील धूळ पुसून ते पुन्हा वापरात आणा.

आता हे सोळा दिवस आपल्या घरात कसे बसवावे, ते सांगतो. ईस्टरच्या आधीच्या तिसऱ्या सोमवारी आरंभ करावा. रविवार वगळून दोन आठवड्यांचे बारा दिवस आणि शेवटच्या सप्ताहातील गुरुवारपर्यंतचे चार, असे बरोबर सोळा दिवस होतात. रोज दोन-तीन घटका, म्हणजे सुमारे एक तास पुरे. नियम इतकाच की, वरून खाली यावे. कारण धूळ खाली पडते, आणि आधी जमीन सारवून मग आढे झाडणाऱ्याला दोनदा काम पडते.

पहिल्या आठवड्यात, सोमवारी दारे उघडून आढे, वासे व माळा झाडावा. पाण्याची व धान्याची भांडी झाकून घ्यावी आणि नाका-तोंडाला फडके बांधावे. मंगळवारी भिंतींचे पोपडे खरवडावे, भेगा व उंदरांची बिळे बुजवावी. १८९६ साली मुंबईस प्लेग आला तेव्हा तो कसा पसरतो हे कोणास कळेना. १८९८ साली कराचीत डॉक्टर सिमाँ ह्यांनी दाखवून दिले की, उंदरांच्या अंगावरील पिसवा तो रोग पसरवितात. म्हणून बीळ बुजविणे हे लहान काम समजू नये. त्याच सायंकाळी कळीचा चुना भिजत घालावा. पाणी पडताच तो उकळू लागतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे व डोळे जपावे. बुधवारी भिंतींना चुन्याचा हात द्यावा. गुरुवारी कोनाडे, फळ्या व पेट्या. शुक्रवारी बाजा व खाटा बाहेर काढून त्यांच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे, म्हणजे ढेकूण मरतात; मग त्या कडक उन्हात ठेवाव्या. शनिवारी निम्म्या गोधड्या धुवाव्या, सगळ्या नव्हे.

दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी उरलेल्या गोधड्या व घोंगड्या. मंगळवारी चुलीमागची काजळी. बुधवारी चिंच व राख घेऊन तांब्या-पितळेची भांडी. गुरुवारी कणग्या व डबे रिकामे करून धान्यास ऊन द्यावे. कडुनिंबाचा वाळलेला पाला धान्यात घालण्याची आपल्या आयाबायांची रीत चांगली आहे. शुक्रवारी रांजण, हौद व टाक्या. ह्या नुसत्या उपड्या करून चालत नाही, आतून घासाव्या लागतात; कारण डेंग्यूचा ताप पसरविणारा डास पाण्याच्या कडेला भांड्याच्या अंगास अंडी चिकटवितो, आणि ती कोरडी पडली तरी पुष्कळ दिवस जिवंत राहतात. हे काम सणापुरते नाही, दर आठवड्यास करावे. शनिवारी कागद व पुस्तके : सातबाऱ्याचे उतारे, दाखले, पावत्या, मुलांची पुस्तके. कसर झटकावी आणि ज्याचे देणे आहे त्याचा हिशेबही त्याच दिवशी मांडावा.

शेवटच्या सप्ताहात सोमवारी ओसरी, मंगळवारी अंगण, गोठा व परसू, बुधवारी मोरी, सांडपाण्याचा चर व शौचकूप. आणि गुरुवारी, सर्वांत शेवटी, जमीन : मातीची असेल तर सारवावी, फरशीची असेल तर धुवावी. त्याच गुरुवारी रात्री आपल्या प्रभूने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. ज्या हातांनी जग निर्माण केले ते हात धुळीने भरलेल्या पायांना लागले. ज्या दिवशी हे स्मरण करावयाचे त्या दिवशी गुडघे टेकून जमीन सारवणारी बाई, किंवा तिच्यासाठी पाण्याची घागर उचलून आणणारा तिचा धनी, ह्यांनी आपले काम हलके समजू नये. मग शुक्रवार मोकळा आहे. त्या दिवशी केरसुणी कोपऱ्यात राहू द्या आणि सर्व घराने उपासनेस यावे.

येथे दोन इशारे देणे अगत्याचे आहे.

एक असा की, स्वच्छता हे नवे सोवळे होऊ नये. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांच्या वाट्यास गावाची झाडलोट व मेलेली जनावरे ओढणे हे काम आले. त्यांनी गाव स्वच्छ ठेवला, आणि गावाने त्यांनाच अशुद्ध म्हटले. त्यांची सावलीही चुकविली. ते म्हणणे खोटे होते. पेत्र कर्नेल्याच्या घरी गेला तेव्हा त्याने उघड सांगितले की, कोणाही माणसास निषिद्ध किंवा अशुद्ध म्हणू नये, असे देवाने मला दाखविले आहे. म्हणून आपण घर झाडतो ते आपण माणसे आहोत हे शेजाऱ्यांस पटविण्यासाठी नव्हे. ते देवाने आधीच ठरविले आहे, आणि त्यासाठी पुत्राचे रक्त वाहिले आहे. आपण झाडतो ते मुलांना ताप येऊ नये म्हणून, घरात प्रभूचे नाव घेताना मन प्रसन्न असावे म्हणून. आणि उद्या आपले घर चुन्याने पांढरे झाले, शेजारच्या गरीब भावाचे झाले नाही, तर त्याच्या उंबऱ्याशी आपण नाक मुरडू नये. नाक मुरडणारा ख्रिस्ती त्या जुन्या गावाच्याच रांगेत जाऊन बसतो.

दुसरा इशारा असा की, रिकामे घर धोक्याचे असते. प्रभूने मत्तयाच्या बाराव्या अध्यायात एका घराचा दृष्टांत दिला आहे. ते झाडलेले होते, सुशोभित होते, परंतु रिकामे होते. म्हणून निघून गेलेला दुष्ट आत्मा आपल्याहून वाईट सात सोबती घेऊन परत आला. हिज्कीयाने मंदिर झाडून कुलूप लावले नाही. तो पहाटे उठून नगराचे सरदार घेऊन वर गेला, अर्पणे झाली, गायन झाले, दिवे लागले. ज्या घरात सोळा दिवस साफसफाई झाली आणि सतराव्या दिवशी दारूची बाटली आली, किंवा दीर-भावजयीचा अबोला तसाच राहिला, त्या घराची केवळ जमीन स्वच्छ झाली. यहूदी घरांत वल्हांडणाच्या आदल्या रात्री दिवा घेऊन कोनाकोपऱ्यातले खमीर शोधतात आणि सकाळी ते जाळून टाकतात. पौल करिंथच्या मंडळीस हेच खमीर मनात शोधावयास सांगतो : वाईटपणा व दुष्टपणा ह्यांचे जुने खमीर. म्हणून रोजचे काम संपल्यावर हात-पाय धुऊन घरच्या सर्वांनी पाच मिनिटे एकत्र बसावे, शास्त्राचा एक भाग वाचावा, आणि त्या दिवशी एकमेकांस जे टाकून बोललो असू त्याची क्षमा मागावी.

आता शेवटची गोष्ट, आणि हीच मला सर्वांत गोड वाटते.

वल्हांडणाचा दिवस पहिल्या महिन्याचा चौदावा. मंदिराची शुद्धी संपली सोळाव्या दिवशी. म्हणजे इतका खटाटोप करूनही सण दोन दिवसांनी हुकला! मग हिज्कीया रडत बसला काय? अर्धी घाण झाकून सण उरकला काय? नाही. गणनेच्या नवव्या अध्यायात देवाने मोशेला आधीच सांगून ठेवले होते की, जो अशुद्ध असेल किंवा दूरच्या प्रवासात असेल त्याने दुसऱ्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी वल्हांडण पाळावा. त्याच नियमाचा आधार घेऊन राजाने व मंडळीने दुसऱ्या महिन्यात सण पाळला.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीस जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या फडात पाचटाची कोपी हेच त्यांचे घर. ती गावी परततात तेव्हा कधी ईस्टर होऊन गेलेला असतो, आणि दाराचे कुलूप काढताच सहा महिन्यांची धूळ अंगावर येते. अशा बहिणीच्या मनात येते की, 'सण गेला, आता कोणासाठी झाडू?' बाई, दूरच्या प्रवासात असलेल्यांची आठवण देवाने मोशेच्या काळीच ठेवली आहे. तुझा पहिला दिवस ज्या दिवशी उगवेल त्या दिवशी दार उघड. आणि उपदेशक बंधूंनो, अशा घरांसाठी मंडळीने दुसऱ्या महिन्याचा सण करावा : सोळा दिवसांचे काम दहा जणांनी मिळून दोन दिवसांत करून द्यावे, आणि त्यांच्या ओसरीवर पुनरुत्थानाची गीते गावी. याजक थोडे पडले तेव्हा लेव्यांनी त्यांना हात दिला असे लिहिले आहे.

तसेच आजारी आहेत, म्हाताऱ्या विधवा आहेत, ज्यांच्या अंगात केरसुणी धरण्याचेही बळ नाही. त्यांच्यासाठीही ह्या वृत्तांतात एक वाक्य आहे. एफ्राइम, मनश्शे वगैरे दूरच्या मुलखांतून आलेले पुष्कळ लोक नियमाप्रमाणे शुद्ध न होताच वल्हांडणास बसले. राजाने त्यांना हाकलले नाही. त्याने प्रार्थना केली की, जो कोणी मनापासून देवाकडे वळला आहे त्याला, तो मंदिराच्या शुद्धीच्या रीतीप्रमाणे शुद्ध नसला तरी, चांगल्या परमेश्वराने क्षमा करावी. परमेश्वराने ते ऐकले आणि लोकांना बरे केले. मंदिर सोळा दिवस घासणारा राजाच ही प्रार्थना करतो, हे ध्यानात ठेवा. ज्याने स्वतः मेहनत केली त्यालाच दुसऱ्याच्या अशक्तपणाची दया आली.

तेव्हा प्रिय जनहो, यंदा सगळे घर डोळ्यांपुढे आणून भिऊ नका. येत्या सोमवारी दार उघडा, आढ्याकडे पाहा, एक वासा झाडा. उरलेले देव उद्यासाठी उजेड देईल.

प्रार्थना : हे चांगल्या परमेश्वरा, आमची बंद दारे उघड. रोजच्या कामास रोजचे बळ दे. एकमेकांचे ओझे उचलावयास आम्हांस शिकीव. आमची घरे आणि आमची मने तू राहावे अशी कर, आणि जे दूर आहेत व थकलेले आहेत त्यांना तुझ्या सणापासून वंचित ठेवू नको. प्रभु येशूच्या नावाने मागतो. आमेन.